चिंचेने उजळलेलं नाणं

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. हे मी लाजत सांगत नाही. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ड्रम उचलायचे, आई चार घरची भांडी घासायची. मी त्याच केमिकलचं शिक्षण घेतलं, जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएच.डी. केली आणि २०१२ साली लुडविग्सहाफेनला एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. भाड्याचं घर मिळालं तेव्हा इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरने बेलच्या पाटीवर माझ्या आडनावाआधी ‘डॉ.’ छापून आणलं. मी सांगितलं नव्हतं. करारावर होतं, म्हणून छापलं. त्या पाटीचा फोटो मी आईला पाठवला, आईने शेजारणीला, शेजारणीने तिच्या जावयाला. पुढचा आठवडाभर अंबरनाथहून मला लोकांचे गुडघेदुखीवर औषध विचारणारे फोन येत होते.

नोकरी चांगली होती आणि माणसं वाईट नव्हती. पण दुपारी कँटीनमध्ये सगळे एकमेकांना ‘मालत्साइट’, म्हणजे जेवणवेळेचा नमस्कार, म्हणायचे, जेवायचे, ट्रे ठेवायचे आणि निघायचे. शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेतून बाहेर पडलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायला काही कारण नसायचं. रविवारी तर दुकानंही बंद. त्या दिवशी ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत, आवाज करायचा नाही असा नियम. मला तो नियम पाळायला फार कष्ट पडत नसत.

ऱ्हाइनपलीकडे मानहाइमला मराठी मंडळी होती. एका वर्षी गणपतीला गेलो. नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग ‘म्हणजे मूळचे कुठले?’ हा प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांकडून फिरून आला. तो प्रश्न मला कळतो. मी सांगून टाकलं, आम्ही बौद्ध. ‘अरे वा, छान,’ असं म्हणून त्यांनी माझ्या वाटीत आणखी श्रीखंड वाढलं. कोणीही वाईट वागलं नाही. पुढच्या वर्षी मी गेलो नाही, एवढंच.

तळमजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहायचे. मी त्यांना मनात आजोबा म्हणायचो. एकदा पत्रपेट्यांपाशी आमची गाठ पडली. ते एक पाकीट डोळ्यांसमोर न धरता कानाजवळ धरून वाचायचा प्रयत्न करत होते.

“दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर तुम्हीच का?” त्यांनी विचारलं. “पोस्टमन सांगत होता.”

“हो.”

“डोळ्यांचे?”

“नाही. धातूंचा. रसायनशास्त्र.”

ते थोडा वेळ माझ्या उजव्या कानाकडे बघत राहिले. “आल्झो, तर मग,” म्हणाले, “डोळ्यांच्या डॉक्टरकडे चार वर्षं जातोय, उपयोग शून्य. धातूंचा तरी बघू. रविवारी तीन वाजता या. केक असेल.”

नंतर कळलं की त्यांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणून माणूस बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागे. आणि मी त्यांना हवा होतो तो केक खायला नव्हे. त्यांच्याकडे जुन्या अमेरिकन नाण्यांचे आठ ट्रे होते आणि त्यातलं एकही नाणं त्यांना वाचता येत नव्हतं.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते निळं फडकं अंथरायचे, वर दिवा ओढायचे आणि भिंग माझ्या हातात द्यायचे. पहिल्याच दिवशी मी नाणं चिमटीत धरलं, पोटावर अंगठा, पाठीवर बोट. त्यांना ते दिसलं नसणार, पण ते म्हणाले, “कडेने धरा. कडेनेच. बोटाचा घाम नाण्यावर पन्नास वर्षं राहतो.”

ट्रेंमध्ये बरंच काही होतं, पण त्यांचं खरं प्रेम तांब्याच्या सेंटवर. एका बाजूला दाढीवाल्या राष्ट्राध्यक्षाचं डोकं, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या. आईला फोनवर दाखवलं तर ती म्हणाली, “अमेरिकेच्या पैशावर गहू? मला वाटलं विमान असेल.”

मला नाण्यांमधलं काहीही कळत नव्हतं. माझा समज असा की जुनं ते महाग. त्यांनी तो पहिल्या तासात मोडला. जुनं असून कवडीमोल आणि त्याच वर्षाचं दुसरं नाणं दुर्मिळ, असं असतं. वर्षाच्या खाली एक बारीक अक्षर असतं, तिळाएवढं. काहीच नसेल तर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतलं, डी असेल तर डेन्व्हरचं, एस असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं. एखाद्या वर्षी एका टांकसाळीत नाणी फार थोडी पडली, आणि त्या तिळाने सगळा फरक पडला. “वर्ष आधी, अक्षर नंतर, मग बाकीचं,” ते म्हणायचे. “माणूस सुंदर आहे का ते शेवटी बघायचं.”

मी वाचायचो, ते ऐकायचे. “एकोणीसशे सव्वीस, एस.” “पुढचं.” “एकोणीसशे त्रेचाळीस, अक्षर नाही. पण हे तांब्याचं आहे.” यावर ते हसायचे आणि खिशातला लोहचुंबक पुढे करायचे. त्या वर्षी युद्धामुळे सेंट पोलादाचे पाडले होते, तांब्याचे चुकून पडले ते बोटावर मोजण्याइतके. त्यामुळे जगभरचे लबाड लोक पोलादी सेंटवर तांबं चढवतात. चुंबक लावला की ते नाणं टणकन उडी मारून चिकटायचं. “हे मला एका पाद्र्याने विकलंय,” ते दर वेळी सांगायचे.

सहा-सात महिन्यांत मी तरबेज झालो. मला शिकायला आवडतं, ती एकच गोष्ट मी मन लावून केली आहे. सोमवारी कँटीनमध्ये कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की १९५५ च्या एका सेंटवर अक्षरं दोनदा उमटली आहेत, दारू प्यायल्यावर दिसतील तशी. कोणी विचारलं नाही. पण आठवड्यात एक रविवार असा होता की तीन वाजता कोणीतरी माझी वाट बघत असे, आणि मी दोन मिनिटं उशिरा गेलो तर दारातच, “हेर डॉक्टर, इथे घड्याळं सगळीकडे सारखीच असतात,” असं ऐकवत असे.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारी असेल, त्यांनी एक नववी वस्तू काढली. तंबाखूचा पत्र्याचा डबा, त्यात कागदी पाकीट, पाकिटात एक काळपट सेंट.

“हे ट्रेमध्ये नाही,” मी म्हटलं.

“हे कोणाला दाखवलेलंच नाही. वाचा.”

मी वाचलं. एकोणीसशे चौदा, डी. एवढं शिकलो होतो की हात जरा थांबला. डी असलेला चौदाचा सेंट म्हणजे त्या मालिकेतला दुर्मिळ. आणि सगळ्यात जास्त खोटा बनवला जाणाराही तोच.

मग त्यांनी सांगितलं. सतरा वर्षांचे असताना ते मानहाइमला अमेरिकन सैनिकांच्या बराकीत भांडी घासायला होते. तिथला एक स्वयंपाकी त्यांचा मित्र. काळा माणूस. शहरातल्या काही बारमध्ये त्याला आत घेत नसत, हे आजोबांना त्याच्याबरोबर पहिल्यांदा गेल्यावर कळलं. मग दोघं बराकीच्या मागच्या पायऱ्यांवर बसून बीअर प्यायचे. सेंट बघायला त्यानेच शिकवलं. त्याची परत जायची वेळ आली तेव्हा त्याने हे नाणं हातावर ठेवलं आणि म्हणाला, माझ्याकडे यापेक्षा भारी काही नाही, खर्चू नकोस.

“वीस वर्षांनी नाणीवाल्यांच्या आमच्या मंडळात कोणीतरी सांगितलं, हे नाणं लोक घरी बनवतात. चव्वेचाळीसचा साधा सेंट घ्यायचा, पहिल्या चारचा कोपरा तासायचा, उरला एक. झालं चौदा. असले गंमत म्हणून बनवून सैनिक नवशिक्यांना द्यायचे आणि नंतर आपापसात हसायचे.” ते टेबलावरचे केकचे कण एका बाजूला सारत राहिले. “डोळे चांगले होते तेव्हा बघायची हिंमत झाली नाही. आता हिंमत आहे तर डोळे नाहीत. ईस्टरला मुलगा मला बॉनला नेणार आहे, त्याच्या घराजवळच्या म्हाताऱ्यांच्या हाइममध्ये. त्याआधी मला कळलं पाहिजे. किंमत गेली खड्ड्यात. साठ वर्षं मी एका माणसाला मित्र समजतोय. तो मला हसला होता की नाही, एवढंच.”

मी भिंगातून बघितलं. खरं-खोटं ओळखायच्या दोन खुणा होत्या, त्याही मला त्यांनीच शिकवलेल्या. खोट्यात नऊ आणि एकच्या मधलं अंतर जास्त दिसतं, कारण चारचा दांडा मुळातच थोडा पलीकडे असतो. आणि चव्वेचाळीसच्या सेंटवर राष्ट्राध्यक्षाच्या खांद्याखाली नाणं घडवणाऱ्याची तीन सूक्ष्म अक्षरं असतात, चौदावर ती नसतात. पण नेमका तिथेच, खांद्यावर आणि आकड्यांच्या बुडाशी, हिरवट काळा थर जमला होता. भिंगातून काही सांगता येईना.

“प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप आहे,” मी म्हटलं.

“न्या. जसं आहे तसं बघा आणि सांगा.”

आता माझी चूक.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मायक्रोस्कोपखाली बघितलं, तर थर आणखी मोठा दिसला, बाकी काही नाही. शनिवारी आईशी व्हिडिओवर बोलताना ते टेबलावर होतं. मी तिला सगळी गोष्ट सांगितली, मित्राची, पायऱ्यांची. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, “दाखव बरं.” दाखवलं.

“काय हे काळंकुट्ट. आणि उद्या असंच परत देणार होय रे तू?”

“जसं आहे तसं बघा म्हणाले.”

“ते म्हणणारच. भला माणूस असेल तर म्हणणारच. आपण ऐकायचं असतं का?”

हे बाहेरच्याला समजणार नाही, पण आमच्यात ते हाडात मुरलेलं असतं. दुसऱ्याची वस्तू घरात आली तर ती आली तशी परत जात नाही. वाटी आली तर रिकामी द्यायची नाही आणि डाग असलेली तर मुळीच नाही. आईने आयुष्यभर लोकांची भांडी घासली, आणि तिचा एकच अभिमान, की तिच्या हातून गेलेल्या भांड्यात तोंड दिसायचं. चौदा एप्रिलच्या आधी आमच्या घरातली वीतभर पितळी बुद्धमूर्ती ती चिंच-मीठ लावून स्वतः घासायची, कानाच्या पाळीतलं काळंसुद्धा काडीने काढायची. मी शेजारी बसून पाणी घालायचो. स्वच्छ करून देणं म्हणजे आमच्याकडे प्रेमच. त्याला दुसरा शब्द मला शिकवलेला नाही.

मानहाइमच्या एशिया शॉपमधली चिंच घरात होती.

“ती चालेल का? थायलंडची आहे.”

“आंबट आहे ना? मग चालेल. करंगळीने घास, गोल गोल, रेघ ओढू नकोस.”

आई फोनवर बघत होती आणि मी घासत होतो. आम्लाने तांब्यावरचा थर विरघळतो हे मी पीएच.डी. करताना विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे, त्याचं समीकरण मला झोपेत लिहिता येईल. त्या थरावरच नाणी जमवणारी माणसं जीव टाकतात, हे मला माहीत नव्हतं. वर्षभर ते मला कडेने धरा, फुंकर मारू नका, सांगत आले होते. घासू नका असं कधी सांगितलं नाही, कारण कोणी घासेल असं त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

पाच मिनिटांत नाणं नव्या हंड्यासारखं गुलाबी झालं. “आता कसं,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पण आधी मायक्रोस्कोपची खात्री हवी, म्हणून मी आजोबांना सर्दी झालीय असं खोटं कळवलं आणि सोमवारी बघितलं. खांद्याखाली अक्षरं नाहीत. नऊ आणि एकच्या मधलं अंतर जेवढं हवं तेवढंच. नाणं खरं होतं. मी प्रयोगशाळेत एकटाच उभा राहून हसलो. तो आठवडा मला फार मोठा वाटला.

रविवारी तीनच्या ठोक्याला मी खाली होतो. “खरं आहे,” मी बसायच्या आधीच म्हटलं.

ते टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले. मग हात पुढे केला. मी पाकीट दिलं. त्यांनी नाणं बाहेर काढलं, दिव्याखाली नेलं, डोकं वळवलं आणि नजरेच्या कडेने बघितलं. बराच वेळ.

“हे गुलाबी का आहे?”

“मी स्वच्छ केलं.”

“कशाने?”

“चिंच आणि मीठ. एक फळ असतं. आमच्याकडे...”

“मिठाने,” ते म्हणाले. बाकीचं त्यांनी ऐकलं नाही. नाणं त्यांनी फडक्यावर ठेवलं आणि वर तळहात झाकला, कोणाला उघडं बघू नये तसा. “त्या रंगाला शंभर वर्षं लागली होती. त्यातली दोन-चार त्याच्या खिशातली होती.”

मी सॉरी म्हटलं. जर्मनमध्ये ते फार छोटं वाक्य आहे.

“तासलेलं असतं तर त्याच्या खुणा त्या थरात दिसल्या असत्या. आता तिथे तुमच्या मिठाच्या खुणा आहेत. मी तुम्हाला बघायला सांगितलं होतं, हेर डॉक्टर. तुम्ही बदललंत. आणि आता म्हणता खरं आहे.”

“अंतर घासून बदलत नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “खांद्याखालची अक्षरं मी पुसलेली नाहीत. ती नव्हतीच.”

“असेल. तुम्ही म्हणता आणि मला दिसत नाही.”

त्या दिवशी केक कापलाच नाही.

पुढचे तीन रविवार मला बोलावणं आलं नाही. खालून रेडिओ ऐकू यायचा. तीन वाजले की मी उगाच बूट घालायचो आणि काढायचो. एकदा जिन्यात भेटले तर ‘गुटन टाग’ म्हणाले, माझ्या कानाकडेही न बघता. वाईट वाटलं ते नाण्याचं नव्हे. मी आमच्या वस्तीत पहिला शिकलेला, माझ्या शब्दावर लोक कागद भरायचे, बँकेचे, कोर्टाचे. माझ्या नजरेवर कोणी शंका घेतली नव्हती. आणि ज्यांनी घेतली त्यांना ती घ्यायचा हक्क होता, हे मला पटत होतं. दोन्ही एकदम पटणं अवघड असतं. आईला शेवटी सांगितलं. ती म्हणाली, “मग त्यांनी आधी सांगायचं ना, काळंच ठेवायचंय म्हणून.” आणि पुढे हळूच, “जा तू परत. घासलेलं भांडं कोणी फेकत नाही.”

माझ्या शब्दाचा आता त्यांना उपयोग नव्हता. मग काय उपयोगी पडेल, याचा मी विचार करत राहिलो. त्यांना कडेचं दिसायचं. लहान दिसत नव्हतं, पण दारं, खिडक्या, जिन्याचा कठडा दिसायचा.

त्या वर्षांत मानहाइमच्या बराकी रिकाम्या होत होत्या, सैनिक परत जात होते, आणि जुन्या बाजारात त्यांच्या घरांतल्या वस्तू यायच्या. शनिवारी मी तिथे गेलो. एका बाईकडे बिस्किटांच्या डब्यात सुटे सेंट होते. मी गुडघ्यावर बसलो आणि एकेक कडेने उचलून वाचायला लागलो.

“काही खास शोधताय का?” तिने विचारलं.

“नाही. अगदी साधं,” मी म्हटलं. “एकोणीसशे चव्वेचाळीस, डी.”

तासाभराने मिळालं. तिने ते पैसे न घेता दिलं, वर म्हणाली, इतकं साधं शोधायला इतका वेळ लावणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

चौदाचा सेंट आजोबांकडे असला तरी त्या सोमवारी मायक्रोस्कोपखाली काढलेला त्याचा फोटो माझ्याकडे होता. चव्वेचाळीसचा काढला. नकाशे छापायच्या मोठ्या मशीनवर एका सहकाऱ्याने दोन्ही छापून दिले. कागद टेबलाएवढा, नुसते चार आकडे, एकेक आकडा ताटाएवढा. “हे काय आहे?” त्याने विचारलं. मी सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही ‘मालत्साइट’च्या पुढे गेलो.

रविवारी तीन वाजता मी न बोलावता बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं. मी कागदाच्या गुंडाळ्या पुढे केल्या. “माझं काही ऐकू नका,” मी म्हटलं. “तुम्ही बघा.”

टेबलावर मावेनात, म्हणून आम्ही ते जमिनीवर अंथरले. आजोबा भिंतीला धरून खाली बसले, मग गुडघ्यांवर आले. डोकं एकीकडे वळवून, कोंबडी बघते तसं, ते कागदावरून फिरत राहिले. मी खुर्चीतून बघत होतो. चव्वेचाळीसच्या कागदावर त्यांनी नऊच्या कडेपासून पहिल्या चारच्या दांड्यापर्यंत हात ठेवला. पंजा आणि वर दोन बोटं. मग सरकून चौदाच्या कागदावर आले. नऊच्या कडेपासून एकपर्यंत. नुसता पंजा.

त्यांनी ते परत केलं. दुसऱ्या हाताने केलं. मग मोठ्याने, मला नव्हे, कोणालातरी म्हणाले, “नाही हसला.”

उठायला मी हात दिला. त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही. मग कॉफी केली, केक नव्हता, फक्त बिस्किटं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा बॉनहून आला. मी ट्रे गाडीपर्यंत नेऊन दिले. निघताना आजोबांनी तंबाखूचा डबा माझ्या हातात ठेवला.

“हे नको,” मी म्हटलं. “हे त्याने तुम्हाला दिलंय.”

“तुम्ही त्याचा कोट काढलात. आता तुम्हीच घाला. कागदी पाकिटात ठेवायचं, खिडकीत, कोरड्या जागी. अधूनमधून खिशात घेऊन फिरायचं. आणि कशाचंही फळ जवळ आणायचं नाही.”

“किती दिवस?”

“दिवस?” ते म्हणाले. “तुम्ही तरुण आहात म्हणून तुम्हाला देतोय.”

त्यानंतर ते दर रविवारी तीन वाजता बॉनहून फोन करायचे. घर रिकामं झालं होतं, खाली एक जोडपं राहायला आलं, त्यांचं मला अजून नाव माहीत नाही. पण तीन वाजता फोन वाजायचा आणि पहिला प्रश्न एकच. “रंग?” मी पाकिटातून नाणं काढून खिडकीशी जायचो आणि सांगायचो. सुरुवातीला नव्या हंड्यासारखं. मग सोललेल्या कांद्याच्या सालीसारखं. त्यांना हंडा म्हणजे काय ते सांगावं लागलं, कांदा त्यांना माहीत होता.

पहिल्या हिवाळ्यात ते हॉस्पिटलमध्ये होते. फोनवरचा आवाज बारीक झाला होता. “रंग?” त्यांनी विचारलं. मला वाटलं, माणसाला बरं वाटू दे. “तपकिरी झालाय,” मी म्हटलं. “चांगलाच.”

“आठ महिन्यांत?”

“म्हणजे... बऱ्यापैकी.”

“हेर डॉक्टर, गोड बोलायला माझ्याकडे इथे तीन नर्स आहेत. तुम्ही खिडकीपाशी जा.”

मी गेलो. ढगाळ होतं, पण उजेड पुरेसा होता. “गुलाबीच आहे,” मी सांगितलं. “मागच्या रविवारसारखं. फक्त डीच्या डाव्या बाजूला एक सावली धरली आहे. केसाएवढी.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले. “हे पटलं.”

आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणत राहिलो. पण त्यानंतर मी त्यांना एकदाही बदल नसताना बदल सांगितला नाही. कितीतरी रविवार असे गेले की सगळं संभाषण ‘काही नाही’ एवढंच असायचं, आणि तरी ते आठवड्याचं सगळ्यात मोठं संभाषण असायचं.

तीन वर्षांनी डिसेंबरात मी अंबरनाथला घरी गेलो होतो. नाणं शर्टाच्या खिशात. आईने शर्ट धुवायला काढताना पाकीट उघडलं.

“हे परत काळं पडलं की रे,” ती म्हणाली आणि तिचा हात सवयीने ओट्यावरच्या चिंचेच्या बरणीकडे गेला.

“आई, राहू दे.”

“विसरलेच,” म्हणाली, आणि हात पदराला पुसला.

तो रविवार होता. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडच्या तीनला, फोन वाजला. “रंग?” मी नाणं घेऊन दारातल्या दिव्याखाली गेलो, पण मला नीट शब्द सुचेना. आई शेजारी उभी होती.

“काय विचारतायत?”

“रंग कसा आहे म्हणून.”

तिने नाण्याकडे बघितलं. चाळीस वर्षं तांब्या-पितळेकडे बघितलेली नजर. “गुळासारखा,” ती म्हणाली. “नवीन नव्हे, मागल्या सालच्या. आणि कडेला अजून कच्चा आहे.”

मी ते जर्मनमध्ये सांगितलं, गूळ म्हणजे काय तेही.

“हे कोण बोललं?” त्यांनी विचारलं.

“माझी आई.”

“चिंचवाली?”

“हो.”

पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. “तिला चांगलं दिसतं,” ते म्हणाले. “कच्चा कडेला, बरोबर. कड शेवटी होते.”

“काय म्हणाले?” आईने विचारलं. मी सांगितलं. तिने मान हलवली, कामाचं कौतुक ऐकताना हलवते तशी. मग म्हणाली, “पूर्वीसारखं व्हायला किती वर्षं लागतील, विचार.”

मी विचारलं. थोडा वेळ त्यांच्या खोलीतला रेडिओ ऐकू आला.

“वीस,” ते म्हणाले. “पंचवीस धरा.”

मी आईला आकडा सांगितला. तिने नाणं माझ्या हातातून घेतलं, दिव्याखाली एकदा उलटं, एकदा सुलटं बघितलं आणि पाकिटात परत ठेवलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिने ते कडेने धरलं होतं.